वीसच्या आतल्या शाळा: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



मी रत्नागिरी जिल्ह्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरीची बहुतेक वर्षे द्विशिक्षकी शाळांवर काढली, आणि त्याही वाड्यांवरच्या. नोकरीत असतो तर हे पत्र लिहिण्याआधी वर्तणूक नियम आठवले असते. आता फक्त पेन्शन आठवते, आणि ती वेळेवर येते आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहितो.

विषय पटाचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवले. पानशेत आणि तोरणमाळ इथले दाखले दिले गेले. राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळा १४,७८३, त्यांत शिकणारी मुले १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७ असे आकडे त्या वेळी पुढे आले. त्याच्याही आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, दहाच्या आतल्या १,३१४ शाळा बंद करायचे घाटत होते. मंत्री बदलतात, सरकारे बदलतात, पण ही फाइल काही कपाटात राहत नाही. ओरड झाली की 'एकही शाळा बंद होणार नाही' असे आश्वासन मिळते, आणि मग दोन वर्षांनी तोच विषय नवे नाव घेऊन टेबलावर येतो.

त्या आकड्यांचा भागाकार मीही केला. शाळेमागे सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. मुंबईत बसून पाहिले तर हा खर्च डोळ्यांत खुपणारच. खर्च जास्त आहे, हे मी नाकारत नाही. डोंगरातल्या वाडीला वीज नेली तेव्हाही माणशी खर्च जास्तच आला होता, आणि तेव्हा वाडीला उठून खाली गावात राहायला जा असे कोणी म्हटले नव्हते. पण माझा मुद्दा पैशाचा नाही. लहान शाळेकडे आपले खाते मोठ्या शाळेचा शिल्लक राहिलेला तुकडा म्हणून पाहते. पुस्तके, चाचण्या, प्रशिक्षणे, हजेऱ्या, सगळे काही 'एक वर्ग, एक शिक्षक' हे गृहीत धरून बेतलेले असते. ते आमच्या अंगाला बसत नाही, आणि बसत नाही म्हणून आमचे अंग कापायचे ठरते.

शाळा कशी चालते ते आधी सांगतो, कारण प्रस्तावाच्या नमुन्यात त्याला रकाना नसतो.

तेरा मुलांची शाळा धरा. मी अशा शाळेवर होतो. पहिलीत चार, दुसरीत दोन, तिसरीत सहा आणि चौथीत एकच मुलगी. जांभ्या दगडाच्या दोन खोल्या, पुढे पडवी, मुंबईकर मंडळाने दिलेला टीव्ही, आणि पावसाळ्यात एका कोपऱ्यात कायमची ठेवलेली बादली.

शाळा भरली की परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, पंचांग, दिनविशेष, बातम्या, सुविचार, बोधकथा. चारशे मुलांच्या शाळेत हे सगळे वर्षभर ठरावीक आठ-दहा चुणचुणीत मुले करतात, बाकीची रांगेत उभी राहून पायाने माती उकरतात. आमच्याकडे मुले तेरा आणि कामे नऊ, त्यामुळे लपायला जागाच नसे. पहिलीतला एक मुलगा जूनमध्ये तोंडच उघडत नव्हता. त्याला पंचांग दिले, म्हणजे फक्त वार सांगायचा. काही आठवडे तोही दुसऱ्या कोणी तरी त्याच्या वतीने सांगितला. गणपतीची सुट्टी संपवून आला आणि बातम्यांच्या वेळी स्वतःहून पुढे होऊन म्हणाला, "आमची म्हस याली. रेडी झाली." वर्तमानपत्र आमच्याकडे दुपारच्या एसटीने यायचे, त्यामुळे सकाळी याहून ताजी बातमी कोणाकडे नव्हती. तिसरीतल्यांनी लगेच प्रश्न सुरू केले: कधी, किती वाजता, चीक काढला का. तो सगळ्यांना उत्तरे देत गेला. भाषेच्या तासाची वेगळी गरज त्या दिवशी पडली नाही.

मग वर्ग. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ, दोन्ही बाजूंना दोन इयत्ता. नारळाच्या हिराच्या काड्या कापून आम्ही दहा-दहाची जुडगी बांधून ठेवलेली असत. दुसरीच्या दोघी बत्तिसातून पंधरा वजा करत होत्या. दोनातून पाच जात नाहीत, मग एका जुडग्याचा रबर काढायचा, दहा काड्या सुट्ट्या करायच्या. पहिलीच्या चौघांना मी वेगळे काम दिले होते, पण त्यांतला एक पाटी मांडीवर घेऊन सरळ दुसरीकडे बघत बसला होता. रबर निघाल्यावर तो हळूच म्हणाला, "आता बारा झाल्या." त्याला हातच्याची वजाबाकी शिकवायला अजून वर्ष होते.

हे नेहमी घडते. एकत्र वर्गात बसणारे मूल बराचसा धडा दोनदा ऐकते, एकदा कडेला बसून कानावर पडतो म्हणून आणि एकदा स्वतःचा म्हणून. पुढच्या वर्षी तेच मूल खालच्याला दाखवायला लागले की तिसरी उजळणी होते, आणि ती सगळ्यांत पक्की. मागे पडलेल्या मुलालाही इथे फायदा असतो. तिसरीतल्याला दुसरीच्या घोळक्यात सरकवले तर त्याचा गाजावाजा होत नाही, कारण इयत्तांची सरमिसळ रोजचीच असते. आता हे सगळे आपोआप होते असे मात्र समजू नका. कोणत्या गटाला कधी स्वतःचे काम द्यायचे, कोणाला कोणापाशी बसवायचे, एकच गोष्ट वाचायला देऊन चार इयत्तांना चार तऱ्हेचे प्रश्न कसे विचारायचे, याची तयारी आदल्या रात्री करावी लागते. ती कशी करायची, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी धड शिकवले नाही. प्रशिक्षणे झाली, भरपूर झाली. प्रत्येकात तज्ज्ञ मार्गदर्शकांनी एका इयत्तेचा आदर्श पाठ दाखवला, आणि मागून कोणी हात वर करून विचारले की आमच्याकडे चार इयत्ता एकत्र आहेत, तर उत्तर यायचे, "तुम्ही तुमच्या स्तरावर नियोजन करा."

दुपारचा भात हाही अभ्यासच असे. चौथीतली ती एकटी मुलगी रोज हजेरी मोजायची. पहिली ते पाचवीला मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम आणि डाळ २० ग्रॅम. बारा हजर म्हणजे तांदूळ १ किलो २०० ग्रॅम, डाळ २४० ग्रॅम. हिशेब वहीत मांडून ती काट्याजवळ उभी राही आणि स्वयंपाकाच्या काकींनी अंदाजाने मूठभर जास्त टाकले तर हरकत घेई. काकी म्हणत, "तू साहेब होशील तेव्हा मोज. आता सर." परसबागेतला शेवगा, पावसाळ्यात कोणी तरी पोरांनी येता येता खुडून आणलेला टाकळा, असे काहीबाही त्या खिचडीत पडायचे. शासनाच्या पाककृतींच्या यादीत टाकळा तरी नसेल. ताटल्या मात्र पुसल्यासारख्या परत यायच्या.

अशी शाळा बिघडते कधी, तेही ऐका. दोघांतला एक मुख्याध्यापकाचा चार्ज सांभाळतो. त्याच्या फोनवर सकाळी संदेश येतो: सोबतच्या लिंकमध्ये आज दुपारी दोनपर्यंत माहिती भरावी, विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील. यू-डायस, आधार, अपार, पोषण आहाराचे ॲप, गणवेशाची मापे, शौचालयाचे फोटो, झाडाबरोबर मुलाचा फोटो. आमच्या शाळेत रेंज नव्हती. वर कातळावर एका आंब्याच्या खुंटाशी उभे राहिले की दोन काड्या मिळायच्या. चार्ज असलेला शिक्षक मधल्या सुट्टीच्या आधीच कातळावर चढायचा. तालुक्याला मीटिंग असली तर तो दिवसभर गायब, आणि मागे राहिलेल्याकडे दोन खोल्या, चार इयत्ता, भाताचा हिशेब आणि एखाद्याचे फुटलेले ढोपर. त्या दिवशी आपला अधिकारी तपासणीला आला तर 'विद्यार्थी गोंगाट करीत होते' असा शेरा मारून जातो. शेरा खरा असतो. पण तो गोंगाट तेरा मुलांच्या शाळेमुळे नसतो, दोघांतला एक शिक्षक पळवल्यामुळे असतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी तीनच अशैक्षणिक कामे शिक्षकाला लावता येतात. माहिती भरणे हे 'शैक्षणिक'च धरले जात असल्याने ते कलम आमच्या उपयोगाचे नाही. मोठ्या शाळेत मुख्याध्यापकाला वर्ग नसतो, कधी कारकूनही असतो, तिथे हे खपून जाते. आपल्या राज्यात शाळांचे गट करून बनवलेली ४,८६० केंद्रे आहेत. केंद्रामागे एक कारकून द्या, कंत्राटीही चालेल, आणि त्या केंद्रातल्या सगळ्या लहान शाळांची माहिती त्याला भरू द्या. समूह शाळांच्या गाड्या, त्यांचे डिझेल, त्यांचे चालक आणि त्या गाड्यांचे विमे यांच्या खर्चाशी हा खर्च ताडून पाहा, एवढीच विनंती.

आता अंतराचे. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, असे आपल्याच २०११ च्या नियमांत आहे. वीस मुलांचा उल्लेखही त्याच नियमांत आहे, पण तो नवी शाळा काढण्याच्या संदर्भात. जिथे शाळा नाही तिथे काढायची तर निदान इतकी मुले असावीत, असा त्याचा अर्थ. चालती शाळा मोडण्यासाठी तो आकडा कधी वापरात आला, ते मला सापडलेले नाही. त्याच नियमांत डोंगराळ भाग, दरडी, पूर, रस्ता नसणे अशा ठिकाणी मुलांचा धोका टळेल अशा रीतीने अंतराची मर्यादा कमी करावी, असेही म्हटले आहे. हे कलम प्रस्ताव तयार करणाऱ्यांच्या नजरेस पडत नाही.

आमच्या वाडीपासून गावची शाळा नकाशावर सव्वा किलोमीटर. मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा. मे महिन्यात त्यात पाय बुडत नाही, दगडावरून उड्या मारत मुले पलीकडे जातात. जुलैत तोच पऱ्या वरच्या सड्यावरचे सगळे पाणी घेऊन खाली येतो आणि पाऊण तासात साकवाच्या फळ्यांना टेकतो. "गुर्जी, लोंढा आलाय" असे सांगत पोरे धावत यायची ती मजा वाटून, पण आम्ही दोघे शिक्षक आधी आकडा मोजायचो, सगळी अलीकडे आहेत ना. रस्त्याने जायचे तर खालून वळसा घालून साडेचार किलोमीटर. त्या रस्त्याने गाडी येईल, असे समूह शाळेचा प्रस्ताव सांगतो. दरड पडली की तिथे एसटी आठवडाभर येत नाही, तिथे ही गाडी कशी येणार, ते प्रस्तावात लिहिलेले नसते.

आणि मुलांना गाडी मिळाली तरी पालकांचे काय? आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीतल्या बायका भात लावणीच्या दिवसांत चिखलाच्या पायांनी सभेला यायच्या, पडवीत उभ्या राहून सही करायच्या आणि जाता जाता वर्गात डोकावून पोराला दटावून जायच्या. शाळा खाली गेली की त्या सभेला कोण जाणार? लहान भावंडाला अंगणवाडीत सोडून मग शाळेत येणारी तिसरीतली मुलगी असते, ती खालच्या शाळेत रोज जाईल का? मुलगे कदाचित जातील. मुलींच्या हजेरीवर परिणाम होईल हे सांगायला मला कोणत्या पाहणीची गरज वाटत नाही, चाळीस उंबऱ्यांची वाडी ओळखत असलो की पुरे.

पटही काही दगडावरची रेघ नसते. लहान वाडीत दोन लग्ने झाली की पाच-सहा वर्षांनी पट वाढतो, दोन कुटुंबे विरार-नालासोपाऱ्याला गेली की घटतो. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून आलेली काही मुले वाड्यांवरच्या शाळांत दाखल झाली, काही राहिली, काही परत गेली. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता मात्र ३० सप्टेंबरच्या पटावर होते. ज्या वर्षी पट खाली असतो त्या वर्षी शिक्षक जातो, शिक्षक गेला की पालक धास्तावतात, आणि पुढच्या वर्षी इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन वाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहते. मग खाते म्हणते, बघा, पालकांनाच ही शाळा नको आहे. तीन वर्षांची सरासरी धरायला काय हरकत आहे?

व्हॅनचेही खरे बोलले पाहिजे. पालक इंग्रजी माध्यमाकडे जातात ते फक्त शिक्षक नाहीत म्हणून नव्हे. टाय हवा असतो, बूट हवे असतात, शेजाऱ्याचा मुलगा जातो हे बघवत नाही. त्याला आपला कोणताही शासन निर्णय पुरा पडणार नाही. पण ज्या शाळेवर दोन शिक्षक टिकून राहिले आणि मूल दुसरीत घडाघडा वाचायला लागले, त्या वाडीतून व्हॅन रिकामी परत गेलेली मी पाहिली आहे. वाचणारे मूल ही जाहिरात पालकांना कळते.

सगळ्याच लहान शाळा राखा, असे मी म्हणणार नाही. सपाट गावात, डांबरी रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर दोन शाळा आहेत आणि एकीत तीन मुले उरली आहेत, तर ती तीन मुले दुसरीकडे नेलेलीच बरी. तिथे शाळा धरून ठेवण्याचा आग्रह बहुधा मुलांसाठी नसतो, बदलीच्या भीतीने शिक्षकांचा असतो. माझ्या बिरादरीला हे आवडणार नाही, पण ते आहे. आणि लहान शाळेत उणिवा आहेतच. चौथीतल्या त्या मुलीला भांडायला, पैज लावायला, गुपित सांगायला आपल्या वयाचे कोणी नव्हते. खो-खोला मैदानात नऊ जण लागतात. आमच्याकडे पहिलीची चार वजा केली की नऊ उरायचे, आणि त्यांतला एक जरी तापाने पडला तरी संघ बाद. लेझीम बसवायची तर दोन रांगा होत नसत. नाटकात एकाच मुलाला राजाही व्हावे लागे आणि त्याचा घोडाही.

यावर उपाय आपल्याच घरात आहे. शासनाने 'आनंददायी शनिवार' सुरू केला आहे. केंद्रातल्या चार-पाच वाड्यांच्या शाळा पाऊस संपल्यावर दर शनिवारी एका ठिकाणी भरवा. त्या दिवशी खो-खो होऊ दे, गाणी होऊ देत, चौथीच्या साऱ्या मुली एका जागी बसू देत, बाजारहाटाचा खेळ मांडू दे. गाडी आठवड्यातून एक दिवस लागेल आणि तीही कोरड्या रस्त्यावर. पाचही दिवस सहा वर्षांच्या पोराला घाटाच्या वळणांवरून आणायचे आणि न्यायचे, यापेक्षा हे स्वस्तही आहे. आम्ही काही शिक्षकांनी आपसात ठरवून असे मेळावे घेतले होते. एकदा लेखी परवानगी मागितली, तेव्हा 'शाळा आवाराबाहेर विद्यार्थी नेण्याचे प्रयोजन काय' अशी विचारणा आली. पुढे आम्ही परवानगी मागणे सोडून दिले.

एकत्र वर्ग ही लाचारी मानायचे आपण कधी थांबवणार? शेजारच्या कर्नाटकाने १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नली-कली' सुरू केले. त्यात पहिली ते तिसरीची मुले मुद्दाम एकत्र बसतात, पायऱ्यांची कार्डे असतात, प्रत्येक मूल आपल्या पायरीवरून पुढे जाते. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने आपल्या आसपासच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी असेच साहित्य आधी तयार केले होते, आणि ते पाहून आलेल्या सरकारी शिक्षकांनीच नली-कली उभे केले. पुढे कर्नाटक सरकारने ते राज्यभर नेले. त्यातही दोष निघाले, कार्डे फाटली, काही ठिकाणी यांत्रिकपणा आला. पण लहान शाळेसाठी वेगळी रीत लागते, हे एका सरकारने मान्य तर केले. आपल्या बालभारतीने चारही इयत्तांसाठी एकत्र वापरता येतील अशी पुस्तके काढायची म्हटली तर त्यासाठी माणसे राज्यातच मिळतील. निम्म्याहून जास्त मला माहीत आहेत, आणि ती या क्षणी कुठल्या तरी लिंकमध्ये माहिती भरत असतील.

प्रत्येक मुलापर्यंत शाळा पोहोचवणे आपल्या राज्याला नवे वाटायलाही नको. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. कोसबाडला तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. आणि आपल्याच शासनाने २००० च्या आसपास वस्तीशाळा काढल्या त्या याच विचाराने, की मूल शाळेपर्यंत पोहोचत नसेल तर शाळेने वस्तीपर्यंत जावे. गावातल्याच एखाद्या शिकलेल्या तरुण-तरुणीला तुटपुंज्या मानधनावर नेमले. कोणाच्या ओटीवर, कोणाच्या गोठ्याशेजारी त्या शाळा भरल्या. त्या शिक्षकांना सेवेत कायम व्हायला २०१४ साल उजाडले. आज वीसच्या आतल्या यादीत बसणाऱ्या कितीतरी शाळा या अशा जन्मलेल्या आहेत. त्यांची मुले कमीच असणार होती, हे त्या काढल्या तेव्हाही माहीत होते.

आता पुरस्कारांचे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा, जी एकेकाळी मुलांअभावी बंद पडायच्या बेतात होती, तिचे नाव २०२५ मध्ये जगभर झाले. सरकारने दोन्ही वेळा कौतुक केले, फोटो निघाले. मला त्या शिक्षकांचा आदरच आहे. पण कृपा करून त्यांचे उदाहरण आमच्या तोंडावर फेकू नका. तेवढे तेज प्रत्येकात नसते, आणि शाळा चालवायला ते लागता कामा नये. साधा, घरी सासू आजारी असलेला, हप्ते फेडणारा शिक्षकही ज्या व्यवस्थेत चार इयत्ता बऱ्यापैकी शिकवू शकेल, ती व्यवस्था आपल्या खात्याने द्यायची आहे. पुरस्कार त्यानंतर कोणालाही मिळोत.

तर मागणे असे. पुढच्या वेळी समूह शाळांचा प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवाल तेव्हा नमुन्यात एक रकाना घाला: जुलै महिन्यात या शाळेपासून त्या शाळेपर्यंत कोण चालत गेले, त्याचे नाव, हुद्दा आणि तारीख. तो अधिकारी गटशिक्षणाधिकाऱ्याच्या दर्जाखालचा नसावा, आणि त्याने बरोबर वाडीतले एक पहिलीतले मूल न्यावे, दप्तरासकट. रकाना रिकामा असेल तर प्रस्ताव परत पाठवा. बाकीच्या गोष्टी, म्हणजे केंद्राचा कारकून, तीन वर्षांची सरासरी, शनिवारची गाडी, एकत्र वर्गाची पुस्तके, यांना वेळ लागेल हे मला कळते. या रकान्याला एका परिपत्रकाखेरीज काही लागत नाही.

कळावे,

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. रत्नागिरी

ता. क.: स्वयंपाकाच्या काकींचा उल्लेख वर केला आहे. त्यांना २०२३ मध्ये महिन्याला २,५०० रुपये मानधन होते, आणि त्यात पाणी भरणे, भांडी, शाळेचे कुलूप आणि कधी कधी पहिलीच्या पोरांची नाके पुसणेही यायचे. पट कमी झाला म्हणून त्यांचे काम कमी होत नाही. त्यांच्या मानधनाची फाइलही त्याच टेबलावर असेल, तर तीही या पत्राबरोबर बघून घ्यावी.